डावा फ्लॅप

एकेचाळिसाव्यांदा फ्लॅप खाली आला, आणि एकेचाळिसाव्यांदा तो अगदी शहाण्या मुलासारखा आला. ना अडखळला, ना थरथरला. उजव्याच्या बरोबरीने डावा उतरला आणि शेवटच्या खुणेवर येऊन थांबला.

"परत वर," योगिनी म्हणाली.

कॉकपिटात बसलेल्या मदतनीस गोरक्षने लिव्हर वर केला. हायड्रॉलिकची ट्रॉली घुरघुरली, तेलाचा दाब चढला आणि दोन्ही फ्लॅप पंखात जाऊन बसले. सकाळी आठला सुरू झालेला हा उद्योग साडेअकरापर्यंत चालला होता. हँगरचा पत्रा ऑक्टोबरच्या उन्हाने तापून तडतडत होता आणि योगिनी देवरेच्या कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरत होता. हे विमान बोलत असतं तर तिने त्याच्या दोन मुस्काटात दिल्या असत्या.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता पट्टा. उतरायच्या वेळी तो खाली सोडला की विमान वेग कमी करूनही हवेत टिकून राहतं. या नऊ आसनी विमानाच्या दोन पंखांना दोन फ्लॅप, त्यांना ढकलायला दोन सिलिंडर, आणि सिलिंडरांत जोर भरणारं लाल रंगाचं तेल. दोन्ही फ्लॅप सारखे उतरले तर प्रवाशांना कळतही नाही. एक उतरला आणि एक राहिला तर विमान कुशीवर वळतं, आणि जमीन जवळ असेल तर पुढची हकिगत सांगायला कोणी उरत नाही.

परवा नेमकं तेच झालं होतं. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष व्यापाऱ्यांना इंदूरहून घेऊन येताना कॅप्टन तृप्तीने ओझरच्या धावपट्टीसमोर फ्लॅप सोडले. उजवा पूर्ण आला, डावा अर्ध्यावर अडून बसला आणि विमान डावीकडे कलंडलं. अजून उंची होती, आणि तृप्तीचं डोकं जागेवर होतं. तिने फ्लॅप आल्या पावली वर घेतले, विमान सावरलं आणि बिनफ्लॅपचंच उतरवलं. ओझरची धावपट्टी लांबलचक, म्हणून निभावलं. ब्रेकमधून धूर निघत होता. व्यापाऱ्यांपैकी एक जण खाली उतरला, तिथेच मटकन बसला आणि बायकोला फोन लावून काहीही न बोलता रडत राहिला.

हा डावा सिलिंडर आठवड्यापूर्वीच खोलला होता. त्याचं सील झिजलं होतं म्हणून. काम केलं होतं खंडेराव बोरस्त्यांनी, म्हणजे नानांनी, आणि ते तपासून सही केली होती योगिनीने. चार विमानांच्या या छोट्या कंपनीत पद्धतच तशी होती: ज्यांना लायसन नाही त्यांनी काम करायचं, ज्यांना आहे त्यांनी तपासून सही करायची. नाना पस्तीस वर्षं विमानांच्या पोटाखाली निजून काम करत आले होते, पण इंग्रजीच्या परीक्षेपायी लायसनच्या वाटेला कधी गेले नाहीत. योगिनी नवी आली तेव्हा तिला पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं होतं. आता ती त्यांची साहेब होती. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

परवापासून मात्र सगळं फिसकटलं होतं. नाना बाहेर, विमान ओढायच्या ट्रॅक्टरच्या सावलीत बसून होते. त्यांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली होती आणि हँगरच्या दारातली पिवळी रेघ ओलांडायची त्यांना मनाई होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"झालं का समाधान?"

मागून विश्वेश गायधनी आले. हे इथले मेंटेनन्स मॅनेजर. पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरातले. घरची भिक्षुकी धाकट्या भावाने सांभाळली आणि यांनी एमबीए केलं, तरी आवाजातला खणखणीतपणा काही गेला नव्हता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट वेळेत संपलेली लागायची, आणि ती खरी संपली की नुसती कागदावर संपली यात ते फारसा फरक करत नसत.

"नाही सर. जमिनीवर दोष दिसतच नाहीये."

"मग आता नका शोधू. नवीन सिलिंडर मुंबईहून निघालाय, गाडी आत्ता इगतपुरीला पोचलीय. दोनपर्यंत बसवून टाका. चारला विमान खात्याचे निरीक्षक येतील, त्यांना कागद दाखवू. साडेपाचला इंदूरची ट्रिप आहे." त्यांनी हातातला कागद तिच्यापुढे धरला. "मी मसुदा करून ठेवलाय. फक्त सही करा."

योगिनीने हात पुसून कागद घेतला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे सील सदोष बसले, सिलिंडर बदलून दोष दूर केला, असं त्यात लिहिलं होतं. कामगार म्हणून खंडेराव बोरस्ते हे नाव होतं.

"सर, सील सदोष नाहीये. मी काल सिलिंडर खोलून पाहिला. सील उत्तम बसलंय."

"मग काय बिघडलंय?"

"ते माहीत नाही."

"बघा! नाना एकसष्ट वर्षांचे आहेत, मॅडम. गेल्या महिन्यात स्वतःचा चष्मा शोधत होते आणि तो डोक्यावर होता. मी काही त्यांचा शत्रू नाही, पण विचारलं तर म्हणतात, आठवत नाही. मी काय लिहू त्या निरीक्षकाला? आठवत नाही असं लिहू?" जाता जाता ते म्हणाले, "तुम्हाला आतलं दिसणं शक्यच नव्हतं. तुमच्यावर काही येत नाही यात. ते मी बघितलंय."

हेच योगिनीला डाचत होतं. कालच्या बैठकीतही सर हेच म्हणाले होते, आणि ती गप्प बसली होती. घरी कर्ज काढून मिळवलेलं लायसन, सात वर्षं केलेली धडपड, सगळं डोळ्यांपुढे आलं होतं. नाना समोर खाली मान घालून उभे होते. स्वतःची एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तृप्ती आली ती सरळ पंखाखाली वाकून फ्लॅपकडे पाहत राहिली. "माझ्या हातात असला तर नाटकं करतो, आणि तुझ्यासमोर गरीब गाय," ती म्हणाली.

"सर म्हणतात सिलिंडर बदलून साडेपाचला पाठवा."

"तू काय म्हणतेस?"

"दोष सिलिंडरात असेल तर जाईल."

"आणि नसेल तर?"

तृप्ती उभी राहिली आणि तिने गुडघे झटकले. "हे बघ, तू सही केलीस तर मी विचारत बसणार नाही. आजवर कधी विचारलं नाही. चावी फिरवून निघेन."

ती हे विश्वासाने म्हणाली होती, म्हणूनच योगिनीला ती सही आणखी जड वाटली.

तिने मनाशी सगळ्याची पुन्हा उजळणी केली. टाकीतलं तेल भरपूर. फिल्टर स्वच्छ. पंपाचा दाब जिथे हवा तिथे. तेलात हवा अडकली असती तर फ्लॅप थरथरला असता, पण तो थरथरत नव्हता. लिव्हरपासून झडपेपर्यंतच्या सगळ्या तारा तिने तपासल्या होत्या. राहिलं काय? दुरुस्तीनंतर विमान तीनदा उडालं. पहिल्या दोन वेळा सगळं ठीक, तिसऱ्या वेळी हा प्रकार. येणारा-जाणारा दोष म्हणजे मेंटेनन्सवाल्याच्या डोक्याला खरा ताप. तुटलेली वस्तू कमीत कमी तुटलेली तरी राहते.

साडेबाराला ती डबा घेऊन ट्रॅक्टरपाशी गेली. नानांनी त्यांचा डबा उघडलाच नव्हता.

"जेवला नाहीत?"

"भूक नाय, पोरी." चारचौघांत ते तिला ताई म्हणत, एकटी असली की पोरी. "सापडलं का काय?"

"नाही. एकेचाळीस वेळा फिरवला. सरळ येतो."

नाना ट्रॅक्टरच्या टायरकडे बघत राहिले. "मी दोन रात्री नुसता तेच घोकतोय. कोणतं काम कधी केलं, कोणतं नट किती आवळलं. समदं नीट आठवतं, अन् मधीच एक भगदाड पडतं. आमचे थोरले दादा असेच. आधी किल्ल्या विसरायचे, मग गडी माणसांची नावं विसरले. शेवटी मला म्हणायचे, पाव्हणं कुठलं तुम्ही." ते थांबले. "नोकरी जाऊ दे गं. आठ महिन्यांनी जाणारच व्हती. पण डोकं गेलं तर माणसानं काय करायचं?"

योगिनीने कामाचं विचारलं. त्या माणसाशी आपुलकीने बोलायचा तिला माहीत असलेला तो एकच मार्ग होता. "नाना, वर बिघडतो आणि खाली बिघडत नाही, असं का होईल?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. कामाचं विचारल्याबरोबर चेहऱ्यावरची कळा पालटली.

"खाली त्याला काम काय हाय? सोडला की आपल्याच वजनानं खाली येतो. सिलिंडरला जोरच लावायला लागत नाय. वर खालून वारा रेटत असतो. रिकामी बैलगाडी चढावर कुणीबी नेईल, तू ओझं टाकून बघ."

"म्हणजे फ्लॅपला खालून रेटायचं?"

"चार माणसं लाव. पत्रा दबंल, तवा मधी गादी घाल. अन् बोटं सांभाळ, माझे आई."

ती अर्धा डबा तसाच टाकून उठली.

एक लांब फळी सापडली. तिच्यावर विमानातल्या दोन सीटच्या गाद्या बांधल्या. गोरक्षला खाली बोलावलं, अग्निशमनाच्या गाडीवरचे दोन धट्टेकट्टे जवान आले, चौथी योगिनी स्वतः. तृप्ती लिव्हरवर बसली. डाव्या फ्लॅपखाली फळी लावून चौघांनी खांदे भिडवले. चार माणसं म्हणजे काही दीडशेच्या वेगाचा वारा नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. नाना दारातल्या पिवळ्या रेघेशी येऊन उभे राहिले. रेघेवर त्यांनी बोटसुद्धा ठेवलं नाही.

"खाली!"

ट्रॉलीचा आवाज बदलला. फ्लॅप चौघांना दाबत खाली आला. खांद्यांवर असा काही भार पडला की गोरक्षच्या तोंडून शिवी निसटली. पण आला, पूर्ण आला.

दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदाही आला. पाचव्या खेपेला एका जवानाचा पाय घसरला आणि फळी निसटता निसटता राहिली. योगिनीचं मनगट फळी आणि पत्रा यांच्यामधून थोडक्यात सुटलं. तृप्ती वरून ओरडली, "बास करू या का?" योगिनीने मान हलवली. घड्याळात सव्वा झाला होता. इगतपुरीहून निघालेली गाडी आता कोणत्याही क्षणी दारात येणार.

सातव्या खेपेला फ्लॅप निम्म्यावर आला आणि थांबला.

ट्रॉलीवरचा काटा वर चढून थरथरत होता. उजवा फ्लॅप केव्हाच खाली पोचला होता आणि डावा चौघांच्या खांद्यांवर ठप्प होऊन उभा होता.

"थांबला," योगिनी कुजबुजली आणि मग ओरडली, "थांबला! तृप्ती, वर घे!"

वर गेला. पुन्हा सोडला, तर मुकाट पूर्ण आला. पुन्हा सोडला, पुन्हा अडकला. आता तिच्या डोक्यात चित्र उभं राहायला लागलं. सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी चकती असते. तिच्या मधोमध बारीक भोक. तेल एकदम घुसू नये, बेताने जावं म्हणून ती बसवलेली. काहीतरी त्या भोकावर जाऊन बसत होतं. जोराचं तेल त्याला तिथेच दाबून धरत होतं आणि फ्लॅप वर घेतला की उलट्या तेलाबरोबर ते मागे सरत होतं. भार नसला तर ते भोकाच्या कडेला लोळत पडत असावं. म्हणजे ते सिलिंडरात नव्हतंच, काल तिने सिलिंडर खोलला तेव्हा ते मागे नळीत बसलं होतं. नवा सिलिंडर लावला असता तर ते नव्याच्या तोंडाशीही गेलं असतं. साडेपाचला, तृप्तीच्या हातात.



तिने ट्रॉली बंद करवली, दाब शून्यावर आणला आणि पंखाखाली उताणी पडली. जवान घाम पुसत पाणी प्यायला गेले, तृप्ती सरांना बोलवायला गेली. योगिनीने छातीवर पांढरं फडकं पसरलं आणि सिलिंडरच्या तोंडाशी नळीचा सांधा सैल केला. लाल, नितळ तेल मनगटावरून ओघळलं. काहीच नाही. नळी तिने सरळ केली, वाकवली, बोटाने टिचक्या मारल्या. आणखी तेल आलं. मग फडक्यावर टप् करून एक कण पडला.

तिने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. तो तांदळाचा दाणा होता. टोकाशी किंचित मोडलेला, कुंकवाने लाल झालेला.

खंडेनवमीची पूजा तिला लख्ख आठवली. हँगरात लाल कापड अंथरून सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, टॉर्क रेंच, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा इथला रिवाज. जुन्या लोकांनी पाडलेला, नव्यांनी कौतुकाने पाळलेला. त्या वेळी डावा सिलिंडर काढलेला होता. तेल ठिबकू नये म्हणून नानांनी नळीचं तोंड वर करून सुतळीने बांधलं होतं. बूच लावायचं तेवढं राहिलं होतं, कारण बुचांचा डबा गोरक्षने हत्यारांबरोबर उचलून कापडावर नेऊन ठेवला. नाना तिच्याकडे आले. "ताई, एक बूच घेऊ द्या, नळी उघडी हाय." विश्वेश सरांचे मंत्र सुरू झाले होते, मुहूर्त टळत होता, हातात आरतीचं ताट होतं. ती म्हणाली, नंतर बघू. ते दोन मिनिटांनी पुन्हा आले, आणि तेव्हा ती सगळ्यांदेखत त्यांच्यावर खेकसली, "नाना, पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं हे मी तुम्हाला सांगायचं का?" सगळे हसले. नाना ओशाळून मागे सरकले. आणि मग तिनेच, आजारी माणसाला अंगारा लावावा तशा मायेने, स्टुलावर चढून पंखातल्या सिलिंडरच्या त्या रिकाम्या खोबणीत कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. नळीवर फडकं बांधलेलं तिला संध्याकाळी दिसलं होतं. ते नानांनी नंतर बांधलं असणार, दाणा आत गेल्यावर.

ती तशीच उताणी पडून राहिली. आजूबाजूला कोणी नव्हतं. दाणा केवढासा, बुटाच्या टाचेखाली त्याचं पीठ झालं असतं. "नळीत कचरा सापडला, नळी धुऊन काढली" एवढं लिहिलं तरी ते खोटं नव्हतं. विमान सुरक्षित होतं, तृप्ती सुरक्षित होती. लायसनही सुरक्षित होतं. तिने मूठ मिटली. हा विचार तिने केला, नीट केला, तो केला नाही असं ती पुढे कधीच म्हणाली नाही.

सर धावत आले. "सापडलं म्हणे! काय निघालं?"

"नळीत कण होता," ती उठून बसत म्हणाली. मूठ अजून मिटलेली होती.

"नळीत? म्हणजे नळी उघडी राहिली होती!" त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू पसरलं. "मग तर प्रश्नच मिटला. बूच लावायचं विसरले." ते वळून दाराकडे ओरडले. नानांचे कान इंजिनांच्या आवाजाने अधू झाले होते, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. "नाना! नळीला बूच नव्हतं लावलं तुम्ही!"

नाना रेघेपलीकडे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, "असंल साहेब. विसरलो असन." मग पाठ फिरवून ते ट्रॅक्टरकडे चालायला लागले. चालताना त्यांनी एकदा हाताने चाचपून ट्रॅक्टरचा आधार घेतला.

योगिनीला ते सहन झालं नाही.

"ते विसरले नव्हते, सर." तिने मूठ उघडली. "हे बघा काय आहे."

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. पाहिल्याबरोबर त्यांना कळलं. पंचवटीतल्या माणसाला अक्षत ओळखायला कितीसा वेळ लागणार? तृप्ती मागे येऊन उभी राहिली होती. योगिनीने सगळं सांगितलं, बुचाचं, खेकसण्याचं, स्टुलावर चढल्याचं. एकही गोष्ट गाळली नाही. "नळी उघडी आहे हे मला त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सही करताना नळी धुतली का, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

सर त्या दाण्याकडे बघत राहिले. मंत्र त्यांनीच म्हटले होते. घाईही त्यांनीच केली होती.

"मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "रिपोर्टात पूजा कशी लिहायची? हसतील लोक. 'बाहेरचा कण' लिहू. कोणाचंच नाव नको. नानांचंही नको, झालं?"

"मग नळी उघडी का राहिली हे कोणी विचारणार नाही, आणि पुढच्या खंडेनवमीला आपण पुन्हा हेच करू." तिने खिशातून पेन काढलं. "तुमचा मसुदा नको. मी माझ्या हाताने लिहिते."

तृप्ती एवढंच म्हणाली, "इंदूरची ट्रिप मी रद्द करते. नळ्या सगळ्या धुऊन घे, मग उडेन." ती लगेच गेली नाही. योगिनी लिहीत होती तोवर शेजारी उभी राहिली.

निरीक्षक चार वाजून दहा मिनिटांनी आले. कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दाणा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत टाकला, योगिनीचं निवेदन दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही ना?" ती नाही म्हणाली. त्यांनी तिचं लायसन मागून घेतलं. चौकशी होईपर्यंत सही करता येणार नाही, तीन महिने लागतील, कदाचित जास्त. विश्वेश सरांनाही लेखी खुलासा द्यावा लागणार होता. लायसन हातातून जाताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भीती मात्र वाटली, चांगलीच वाटली. घरी काय सांगायचं याची.

नानांना मी सांगणार, मध्ये कोणी जायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. ती बाहेर आली तेव्हा ऊन कललं होतं. नाना पिशवी भरून बसले होते. डबा, चष्म्याचं घर, वर्षानुवर्षं वापरलेली रबराची चटई. घरी निघाले होते.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने मोठ्या आवाजात, एकेक शब्द सोडवून सांगितलं. दाणा सांगितला. आपण टाकलेल्या अक्षता सांगितल्या. लायसन गेलं तेही सांगितलं. "तुमचं नाव मी काढून टाकलंय, नाना. उद्यापासून कामावर या. सरांनी किल्ली दिलीय." तिने किल्ली पुढे केली. "मला माफ करा, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

नानांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. लायसनबद्दलही ते काही बोलले नाहीत. ते तिच्याकडे एकटक बघत होते, कपाळाला आठ्या घालून, ऐकू न आलेला आवाज पुन्हा पकडावा तसे.

"म्हणजे मी बूच मागितलं व्हतं?"

"हो, नाना."

"तुला येऊन मागितलं?"

"दोनदा मागितलं. दुसऱ्यांदा मी तुमच्यावर सगळ्यांसमोर खेकसले."

"अन् समदे हसले." ते सावकाश म्हणाले. "गोरक्ष हसला. हसला ना?"

"हसला."

"पिवळा सदरा व्हता त्याच्या अंगात. नवा."

"हो, नाना. पिवळाच होता."

नानांनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. तेलकट, जाडजूड बोटं होती ती, आणि त्यांत अजून चांगलाच जोर होता.

"मग मी विसरलो नव्हतो, पोरी," ते म्हणाले. "मी विसरलो नव्हतो." आणि ते हुंदके देत रडायला लागले.